दगडाबाईची घळ आणि सतरा नंबरची पवनचक्की

एका जंगलात वारा फार होता. इतका, की तिथल्या पोपटांना स्वतः बोललेलं वाक्य ऐकायला पुढच्या झाडावर जाऊन बसावं लागे.

हे जंगल एका उंच, बोडक्या पठारावर होतं. बोडक्या पठारावर जंगल कसं, असं विचारणाऱ्या मुलांनी कृपा करून भूगोलाच्या तासाला जाऊन बसावं. ही गोष्ट आहे.

तर त्या पठारावर चाळीस पवनचक्क्या होत्या. प्रत्येकीला एक उंच खांब, खांबाच्या माथ्यावर यंत्राचा डबा आणि डब्याच्या तोंडाशी तीन लांबलचक पाती. वारा आला की पाती फिरत, पाती फिरली की डब्यात वीज होई. त्या विजेवर पाणवठ्याचा पंप चाले आणि उरलेल्या विजेवर महाराजांच्या गुहेतला पंखा. बाहेरचा वारा पकडायचा, त्याची वीज करायची आणि त्या विजेवर गुहेत वारा घ्यायचा, याला तिथं प्रगती म्हणत. हसू नका. तुमच्या घरी काय चालतं ते मला माहीत आहे.

महाराज म्हणजे सिंह. नाव प्रचंडकेसर. आयाळ आता तितकी प्रचंड राहिली नव्हती, पण नाव बदलायची पद्धत नव्हती. स्वभावानं ते वाईट नव्हते. त्यांना फक्त उद्घाटनाचा नाद होता.

दर वर्षी राज्यारोहणाच्या दिवशी ते एका नव्या पवनचक्कीचं उद्घाटन करत. खांबाभोवती वेलीची फीत बांधलेली असे. महाराज ती दातांनी तोडत. मग कोनशिलेवरचा पडदा सरकवत, आपलंच नाव मोठ्यानं वाचत आणि जरा चकित झाल्यासारखं करत. चकित होणं त्यांना फार छान जमे. लांबलांबून प्राणी ते बघायला येत.

आता जंगलाचा एक नियम होता. ज्याचं उद्घाटन एकदा झालं, त्याचं पुन्हा करता येत नाही. नियम शहाणपणाचा होता. लग्न झालेल्यांवर कोणी पुन्हा अक्षता टाकत नाही. पण पठारावर खांब रोवण्याजोग्या जागा चाळीसच, आणि चाळीसही भरलेल्या. मग दर वर्षी नवी चक्की उभी करायची कुठं? तर दर वर्षी एक जुनी पाडायची आणि तिच्या जागी नवी उभी करायची.

ही युक्ती कोल्ह्याची. कोल्ह्याचं नाव धोरणराव. तो महाराजांचा प्रधान होता. राज्यारोहणाच्या वीस दिवस आधी तो पठारावरून फेरी मारी. एखादी चक्की फिरताना कण्हली, की तो मान हलवी आणि तिच्या खांबावर चुन्याची फुली मारी. फुली म्हणजे मोडीत.

खरं सांगायचं तर चक्की कण्हायची ती बहुतेक एका बेरिंगमुळं. बेरिंग म्हणजे तुमच्या सायकलच्या चाकात असतं ना, गोळ्या भरलेलं कडं, ते. ते झिजलं की यंत्र कुरकुरतं. तुमच्या आजोबांचा गुडघाही कुरकुरतो. म्हणून आजोबांच्या पाठीवर कोणी फुली मारत नाही. निदान उघडपणे तरी मारत नाही.

पाडलेल्या चक्कीची पाती आणि डबा पठाराच्या कडेच्या घळीत ढकलून देत. घळ खोल होती. वरून दिसत नसे. जे दिसत नाही तो कचरा नाही, असं धोरणरावांचं मत होतं. पण पाती कुजेनात. पावसानं सडेनात, उन्हानं तडकेनात. शेवटी वाळवीला नेमलं. वाळवीनं एक घास घेतला, विचार करून दुसरा घेतला आणि तब्येतीचं कारण सांगून लांब रजेवर गेली. बारा वर्षांत छत्तीस पाती साठली.

आणि त्या घळीच्या तळाशी कोणीतरी राहत होतं.

दगडाबाई नावाची तरसीण. तरस पाहिलंय का कुणी? पुढून उंच, मागून बसकं, अंगावर पट्टे. तरसांना जंगलात मान नाही, कारण ते दुसऱ्यानं टाकलेलं खातात. वाघानं अर्धवट टाकलेलं हाड तरस उचलतं, फोडतं, आतला गर खातं आणि उरलेल्या चुऱ्याचंही काही ना काही करतं. वाघाला मात्र मोठा मान आहे. तो टाकतो ना, म्हणून.

घळीच्या तळाला दगडाबाईची गुहा होती. तिच्या आईची, त्याआधी आईच्या आईची. आता दगडाबाई तिथं तीन पिल्लांना घेऊन राहत होती. पात्यांचा ढीग दर वर्षी खाली सरकायचा. गेल्या वर्षी एक पातं घसरत आलं आणि गुहेच्या तोंडाशी आडवं पडलं. तेव्हापासून तिला पोटावर सरकत आत जावं लागे. आणखी तीन पाती आली की तोंड बंद. जंगलात दुसऱ्या गुहा होत्या, नाही असं नाही. पण प्रत्येकीत कोणीतरी होतं, आणि तरसाला शेजारी म्हणून कोणी घेत नाही.

त्या वर्षी फुली पडली सतरा नंबरच्या चक्कीवर. राज्यारोहणाला वीस दिवस उरले होते.

दगडाबाई प्रधानांकडे गेली. धोरणरावांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मग त्यांनी समजावलं की कचरा ही काळजीची गोष्ट नसून अभिमानाची आहे. शेजारच्या जंगलात जाऊन बघ, त्यांच्याकडे टाकायलासुद्धा काही नाही. राहता राहिला गुहेचा प्रश्न. तोंड बंद होत असेल तर गुहा थोडी वर सरकवून घ्यावी. दगडाबाईनं विचारलं, गुहा सरकवायची कशी. ती तांत्रिक बाब आहे, असं उत्तर मिळालं.

ती परत निघाली ती सतरा नंबरच्या खालूनच. चक्की वर कण्हत होती. दगडाबाई थांबली.

तरसांची एक रीत आहे. हाड फोडायच्या आधी ते दातांत हलकेच धरून बघायचं. कुठं पोकळ, कुठं भरीव, कुठं चीर गेलीय, ते जबड्याला कळतं. कान फसेल पण जबडा फसायचा नाही, असं त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सांगतात. दगडाबाईनं एक लांब हाड शोधलं. एक टोक खांबाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले.

खर्र, खर्र, टक्. खर्र, खर्र, टक्.

पात्यांत काही बिघाड नव्हता. खांबात नव्हता. वर डब्यात, पुढच्या बाजूला, एकच कडं झिजलं होतं. एका कड्यापायी अख्खी चक्की पाडणार होते, आणि त्या चक्कीपायी तिचं घर बुजणार होतं. तिला राग आला. रागानं तिनं ते हाड फोडून खाल्लं आणि मग शांतपणे घळीत उतरली.

घळीत नऊ नंबरच्या चक्कीचा डबा पडलेला होता. तीन वर्षांपूर्वी तिचं मागचं कडं गेलं म्हणून ती पाडली होती. मागचं गेलं, पण पुढचं? दगडाबाईनं डबा कवटी फोडावी तसा फोडला. पुढचं कडं ठणठणीत होतं. तिनं ते ओढ्यात धुतलं, वाळूनं घासलं, करंजाच्या तेलात बुडवून ठेवलं आणि शेजारच्या घोरपडीला हाक मारली. चढायच्या कामात घोरपडीचं घराणं जुनं आणि नावाजलेलं आहे, हे मी वेगळं सांगत नाही.

"हे वर न्यायचं हाय," दगडाबाई म्हणाली.

घोरपडीनं कडं हुंगलं. "ती चक्की पाडायची हाय न्हवं? मग कशापायी चढवतीस?"

"पाडू नये म्हणून."

"आन् तरी पाडली तर?"

"तर तुजं बीळ माज्या गुहंच्याबी खाली हाय."

घोरपड दोर घेऊन चढायला लागली.

काम भर दुपारी चाले. त्या वेळी सगळा दरबार वामकुक्षीत असे आणि जंगलात घोरण्याखेरीज आवाज नसे. तीन दुपारी लागल्या. चौथ्या दिवशी वारा आला आणि सतरा नंबर हूं की चूं न करता फिरायला लागली. पाणवठ्याला पाणी जरा जास्तच यायला लागलं. पाणी प्यायला आलेल्या रानम्हशी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आता तुम्हांला वाटेल, सगळ्यांना आनंद झाला असेल. तुम्ही अजून लहान आहात.

धोरणराव धावत आले. त्यांनी फुली पाहिली. मग वर फिरणारी पाती पाहिली. मग पुन्हा फुली पाहिली आणि त्यांना घेरी आली. कारण सरळ होतं. चक्की मोडीत काढल्याचा हुकूम निघाला होता. हुकूम चुकीचा असू शकत नाही. म्हणजे चक्की फिरत नाही.

त्यांनी कावळ्याकडून दवंडी पिटवली, की सतरा नंबरची चक्की फिरत नाही, फिरताना दिसल्यास दुर्लक्ष करावं. जंगलानं दहा-बारा दिवस मनापासून दुर्लक्ष केलं. हरणं खाली मान घालून जात. एक हत्तीण तर पिल्लाची मान सोंडेनं दुसरीकडे वळवून धरत होती. पण वारा काही सरकारी नोकर नव्हता. तो येतच राहिला, आणि न फिरणाऱ्या चक्कीचं न येणारं पाणी सगळे पीत राहिले.

शेवटी गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. राज्यारोहण दोन दिवसांवर आलं होतं. दगडाबाईला दरबारात उभं केलं. धोरणरावांनी आरोप वाचला. मोडीत निघालेली चक्की विनापरवाना बरी केली. उद्घाटनाविना फिरवली. त्यांचं म्हणणं असं, की चक्की आजच पाडावी आणि तरसिणीला जंगलाबाहेर काढावं.

महाराजांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते वेगळ्याच काळजीत होते.

"चक्की चांगली झाली असेल तर ती पाडायची कशी?" ते हळूच म्हणाले. "आणि पाडली नाही, तर परवा मी तोडू काय?"

मुलांनो, प्रश्न खरा होता. महिनाभर ते दाढांचा व्यायाम करत होते.

दगडाबाईच्या डोळ्यांपुढं मात्र तीन पाती आली, घळीतून घरंगळत खाली येणारी. पिल्लं आत होती. ती घाबरली आणि बोलून गेली.

"म्हाराज, दुरुस्तीचंच उद्घाटन करा की."

इथं मी जरा थांबतो. दगडाबाई हुशार होती, कष्टाळू होती, मला ती मनापासून आवडते. पण इथं तिची चूक झाली. चांगली युक्ती सुचली तर ती देवाला सांगावी, सरकारला सांगू नये. देव निदान ती अमलात आणत नाही.

महाराज ताठ बसले. हे नियमात बसतं का, असं त्यांनी विचारलं. धोरणरावांनी क्षणभर डोळे मिटले. हुशार प्रधानाचं हेच लक्षण आहे. एका क्षणापूर्वी ज्या गोष्टीसाठी तो कुणाला हाकलत असतो, ती पुढच्या क्षणी त्यालाच सुचलेली असते.

"बसतं, महाराज. दुरुस्त झालेली चक्की नवीच धरायची. म्हणजे तिचं उद्घाटन पहिलंच."

"आणि ती पुन्हा बिघडून पुन्हा दुरुस्त झाली तर?"

"तर पुन्हा पहिलंच."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस चक्क्या. दर आठवड्याला एक. वर्षातून एकदा तोंडाला लागणारी फीत आता आठवड्याला मिळणार होती. त्यांनी दगडाबाईला जवळ बोलावलं आणि तिचा वास सहन करत तिच्या डोक्यावर पंजा ठेवला.

योजनेचं नाव ठेवलं 'पुनर्जन्म'. सतरा नंबरचं उद्घाटन थाटात झालं. कोनशिला जुनीच उलटी करून मागच्या बाजूनं कोरली होती, कारण आता काही टाकायचं नाही असं ठरलं होतं. महाराज नाव वाचून चकित झाले.

आणि खरं सांगतो, पुढचे दीड महिने त्या जंगलात सोन्याचे दिवस होते. कण्हणाऱ्या चक्क्या आणखी पाच होत्या. दगडाबाई एकेकीच्या खांबाला हाड लावी, दुखणं शोधी आणि घळीतल्या जुन्या डब्यांतून चांगले भाग काढून तिच्यात बसवी. तडकलेल्या पात्यांच्या जागी ढिगातली धड पाती चढली. जी पाती वर चढवण्याजोगी नव्हती, त्यांतली दोन ओढ्यावर आडवी टाकून साकव केला, म्हणजे ओढा ओलांडायला लहानसा पूल. काहींची हरणांच्या आडोशाला छपरं झाली. काही चिरून पाणी प्यायच्या डोणी केल्या. वाळवी रजेवरून परत आली आणि आता आपलं काही काम नाही हे बघून खूश झाली.

घळ रिकामी झाली. गुहेचं तोंड मोकळं झालं. दगडाबाई कित्येक वर्षांनी चार पायांवर उभी राहून आपल्या घरात शिरली. तिला इतकं बरं वाटलं की ती उगाचच तीनदा आत जाऊन बाहेर आली.

सातव्या आठवड्यात बिघडलेल्या चक्क्या संपल्या.

चाळीसच्या चाळीस गुपचूप फिरत होत्या. उद्घाटनाला काही नव्हतं. महाराज गुहेत पडून राहिले. जेवेनात. हरणांनी ही बातमी फार धीरानं घेतली. पण प्रधानाला राजाची काळजी वाटायलाच हवी. धोरणरावांनी पठारावरून एक फेरी मारली आणि परत येऊन सांगितलं की दुरुस्ती उत्तम चालली आहे, अडचण फक्त मोडण्याकडून आहे. मोडण्याचं काम आजवर वाऱ्यावर सोडलं होतं. त्यात शिस्त नव्हती.

म्हणून मोडणी खातं निघालं. खात्यावर गवे नेमले. रोज सकाळी दोन गवे जात, एका चांगल्या चालत्या चक्कीला धडका मारत आणि ती आडवी झाली की घाम पुसत परत येत. त्यांना या कामाचा अभिमान होता. आपण जुन्या वस्तूंचा पुन्हा वापर करण्याच्या कामी आहोत, असं ते घरी सांगत. ते खोटंही नव्हतं.

पुढं दुरुस्ती खात्यालाही माणसं, म्हणजे प्राणी, कमी पडू लागले. मग नीलगाईंना प्रशिक्षण दिलं. दगडाबाईच्या रीतीप्रमाणं त्यांनी हाड दातांत धरायचं होतं. नीलगाई कट्टर शाकाहारी. त्यांच्यासाठी खास भोपळ्याचे देठ मागवले. भोपळ्याच्या देठातून बिघाड काही कळत नसे. पण त्यानं अडलं नाही. बिघाड शोधावाच लागत नव्हता, तो आदल्या दिवशीच केलेला असे.

मात्र मोडणं एका सकाळचं आणि जुळवणं महिन्याचं. उद्घाटनापुरती एखादी चक्की दगडाबाई कशीबशी उभी करी, तोवर सात आणखी आडव्या होत. आडव्या झालेल्या ठेवायच्या कुठं? धोरणरावांनी घळ दाखवली. पुन्हा पाती येऊ लागली, आता वर्षाला तीन नव्हे, दिवसाला तीन. पूर्वी त्यांना कचरा म्हणत, आता कच्चा माल म्हणू लागले. गुहेच्या तोंडाला त्यातला फरक कळत नव्हता.

पाणवठ्याचा पंप थांबत थांबत चालू लागला. महाराजांच्या गुहेतला पंखा मात्र फिरत होता, कारण त्याला नीलगाईंची पाळी लावली होती.

दगडाबाई दुसऱ्यांदा दरबारात गेली. येताना तिला गुहेतून पोटावर सरकत बाहेर यावं लागलं होतं. ती फार काही बोलली नाही. तिचा जबडा दुखत होता.

"म्हाराज, मोडू नका," ती म्हणाली. "येवढंच हाय माजं मागनं. मोडलं तर म्या जोडीन. मोडायला पायजे म्हणून मोडू नका. माज्या घराचं तोंड बुजलंय. पोरं आत हायती."

महाराजांना खरोखर वाईट वाटलं. मी आधीच सांगितलं, ते स्वभावानं वाईट नव्हते. सिंहासनावरून उतरून ते म्हणाले की ज्या घळीतून एवढी मोठी चळवळ सुरू झाली, ती पवित्र आहे. दगडाबाईच्या गुहेला कोणीही धक्का लावणार नाही. एक पातं तिथं पडणार नाही. ती गुहा जशीच्या तशी जतन केली जाईल.

धोरणरावांनी लगेच जोड दिली, "तिथं स्मारक होईल, महाराज."

दगडाबाईला रडू आलं. आधी सुटकेचं आलं, आणि स्मारक हा शब्द ऐकून मग दुसरं आलं. पण तरसाचं रडणं लांबून खदखदा हसल्यासारखं ऐकू येतं. दरबारानं टाळ्या वाजवल्या. लाभार्थी आनंदात असल्याची नोंद झाली.

स्मारकाचं काम पुरं होईतो तिला पिल्लं घेऊन साकवाखाली राहायला सांगितलं. तात्पुरतं, असं म्हणाले. ती राहिली. घळ झाडून लख्ख केली. सगळा कच्चा माल पलीकडच्या घळीत ढकलला, जिथं साळिंदरांची वस्ती होती. साळिंदरांचा अर्ज अजून विचाराधीन आहे. गुहेला लाकडी कठडा घातला, पायऱ्या बांधल्या, कोनशिला बसवली. महाराजांनी फीत तोडली आणि नाव वाचून ते चकित झाले. या वेळी नाव त्यांचं एकट्याचं नव्हतं, खाली दगडाबाईचंही होतं, म्हणून थोडे जास्तच झाले.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दगडाबाई पिल्लांना घेऊन घरी निघाली. पायऱ्यांशी एक रानडुक्कर पहाऱ्याला बसला होता. त्यानं सुळा आडवा घातला.

"बाई, कुठं?"

"घरी."

"हे घर नाही. हे कैलासवासी दगडाबाईंचं स्मारक आहे."

"दगडाबाई मीच हाय."

डुकरानं तिच्याकडे नीट पाहिलं. तो उद्धट नव्हता. नोकरी नवी होती आणि त्याला ती टिकवायची होती. त्यानं समजावून सांगितलं की स्मारक जिवंताचं करायची पद्धत नाही, आणि हे स्मारक तर झालेलं आहे, उद्घाटनासकट. तेव्हा दगडाबाई असू शकत नाहीत.

"आणि ओळखीचं म्हणाल," तो म्हणाला, "तर आत बघा. त्यांचे दात कसे आहेत. आणि तुमचे?"

दगडाबाई कठड्यावरून वाकली. आत, तिच्या नेहमीच्या जागेवर, पात्यांचे तुकडे जोडून केलेली एक तरसीण बसली होती. पांढरीशुभ्र, तुकतुकीत. पावसानं सडणार नव्हती, वाळवी तिला तोंड लावणार नव्हती. दात सगळे शाबूत होते आणि ती हसत होती. तिच्या पुढ्यात तीन पिल्लंही बसवलेली होती. ती खऱ्या पिल्लांपेक्षा जाड होती.

दगडाबाईच्या तोंडात पुढचे दात राहिले नव्हते. चाळीस खांबांना हाड लावून लावून ते झिजले होते.

मला वाटलं होतं ती भांडेल. निदान त्या डुकराला तरी चावेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बसली हाय तर बसू दे तिला. तिला तरी दुसरं घर कुठं हाय."

मग तिनं सगळ्यात लहान पिल्लू हिरड्यांत अलगद धरलं, दोघांना मागं यायची खूण केली आणि ती घळ चढून गेली. ती पठारावरून उतरून कुठं गेली ते मला माहीत नाही. मी दोन-तीन जंगलांत विचारून पाहिलं.

डुकरानं अभ्यागतांच्या वहीत नोंद केली : एक तरसीण, तीन पिल्लं. स्मारक बाहेरूनच पाहिलं. अभिप्राय दिला नाही.

तात्पर्य : मोडलेली वस्तू टाकू नये, दुरुस्त करून पुन्हा वापरावी. मोडलेली हाताशी नसेल तर चांगली मोडून घ्यावी. आणि दुरुस्त करणारा कोणी सापडलाच, तर त्याला वेळेत कैलासवासी करावं. जिवंत असला की तो घर मागतो.